जिनिव्हाला जाईपर्यंत तारीख

४ जानेवारी २००४, रविवार. सकाळ. (साडेदहा. रविवारी साडेदहाला सकाळच म्हणतात.)

नवीन वर्ष, नवी डायरी. पहिली तीन पानं कोरी गेली. कारण धुकं. गाझियाबादच्या धुक्यात बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नाही, तिथे आयुष्याची दिशा कुठून दिसणार?

आज ऊन पडलं आणि दिशा दिसली. जिनिव्हा.

तरुण वकिलांसाठी आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांची फेलोशिप. एक वर्ष, ऑक्टोबरपासून, राहण्याजेवणासकट. प्रॅक्टिस पाच वर्षांपेक्षा कमी हवी. माझी थोडी कमीच आहे. नियम करताना त्यांच्या डोळ्यांसमोर मीच असणार, इतकं हे जुळतं. मानसने सायबर कॅफेतून प्रिंटआउट आणून दिला. स्वतः का भरत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, यार, मला इंग्रजीत दुःख लिहिता येत नाही. बिचारा. कोर्टात आम्ही बरोबरीनेच लागलो, पण तो सांगितलं तेवढंच करतो. व्हिजन नाही.

निश्चय: रोज पाचला उठणे. रोज एक आंतरराष्ट्रीय करार वाचणे. फ्रेंच शिकणे. दाढी वाढवणे.

७ जानेवारी.

पाचला उठलो. लाइट नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात करार वाचणं डोळ्यांना वाईट. परत झोपलो. फ्रेंचची कॅसेट आणली आहे, पण टेपरेकॉर्डरही लाइटवरच चालतो. या देशात मानवी हक्कांचं काम किती अवघड आहे हे बाहेरच्यांना कळणार नाही.

फॉर्म नीट वाचला. एक अडचण आहे. 'अर्जदार सध्या लढवत असलेली मानवी हक्कांची केस', असा एक रकाना. माझ्याकडे केसेस पुष्कळ आहेत, पण त्या माझ्या सीनियरच्या, भसीन सरांच्या. चेक बाउन्स, भाडेकरू, पुन्हा चेक बाउन्स. त्यांत माझं काम म्हणजे उभं राहून तारीख मागणे. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, फाइल सापडत नाही, साक्षीदाराला ताप आहे, कुणीतरी वारलं आहे. कारणं तीच, चेहरा मात्र दरवेळी ताजा लागतो. पटियाला हाऊस कोर्टात सगळे मानतात की अंशुमनसारखी तारीख कुणी आणत नाही.

पण हे जिनिव्हाला कसं समजावणार?

भाडेकरूला बाहेर काढणं म्हणजे निवाऱ्याच्या हक्काचं उल्लंघन, असं लिहिता येईल. पण आम्ही घरमालकाकडून आहोत.

११ जानेवारी, रविवार.

देव आहे. (जिनिव्हात असं म्हणायचं नाही.)

आई पहाडगंजच्या मराठी शाळेत एवढी वर्षं शिकवते आहे की तिचे विद्यार्थी दिल्लीत कुठेही निघतात. बँकेत, मंत्रालयात, भाजीच्या रांगेत. सगळे तिला बाई म्हणतात आणि निम्मे आमच्याकडे जेवून जातात. आज दीपमाला आली. वडील वर्ध्याहून सरकारी नोकरीसाठी इकडे आलेले, ही आईच्या वर्गात होती. आता लग्न होऊन मानेसरला राहते. नवरा अर्जुन गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात, ही कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत शर्टांना कॉलर लावते. लावायची.

तिला दिवस गेलेत. सुपरवायझरच्या लक्षात आलं आणि ठेकेदाराने सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस. नोकरी गेली म्हणजे दवाखान्याचं कार्डही गेलं आणि बाळंतपणाची पगारी रजाही. तिला एवढंच हवंय की नाव परत हजेरीवर लागावं, रजा मिळावी आणि पोर सरकारी कार्डावर नीट दवाखान्यात व्हावं.

कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. इतका, की मला जरा निराशाच वाटली. पण रकाना भरला!

मी फी घेणार नाही म्हटलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपमाला म्हणाली, अंशुमनदादा, तुमचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, एक सही लागेल.

३० जानेवारी.

अर्ज गेला. शेवटच्या दिवशी. मोठी माणसं शेवटच्या दिवशीच अर्ज करतात.

निबंध अप्रतिम झाला आहे. पहिलं वाक्य: 'मी मानेसरच्या कामगार स्त्रीच्या डोळ्यांत पाहिलं आणि माझा मार्ग मला दिसला.' खरं म्हणजे मानेसरला मी अजून गेलेलो नाही. गाझियाबादहून मानेसर म्हणजे अख्खी दिल्ली आडवी ओलांडायची. पण डोळे आमच्या हॉलमध्ये पाहिले आहेत.

भसीन सरांचं शिफारसपत्र मीच लिहून नेलं, तशीच पद्धत आहे. सर सहसा न वाचता सही करतात. आज चष्मा सापडला. 'असामान्य बुद्धिमत्ता' खोडलं, 'दुर्मीळ संवेदनशीलता' खोडलं, 'कायद्याची उपजत जाण'वर बराच वेळ पेन धरून बसले आणि तेही खोडलं. राहिलं ते 'वेळेवर येतो'. असो. युरोपात वेळेला किंमत आहे.

ज्या व्यक्तीसाठी लढतो तिचंही एक पत्र लागतं. ते मी दीपमालाच्या वतीने इंग्रजीत लिहिलं. तिने सही करताना विचारलं, यात काय लिहिलंय? मी म्हटलं, मी तुझ्यासाठी लढतोय असं. ती खूश झाली. म्हणाली, केस लागली का दादा?

केस सोमवारी दाखल करणार आहे.

१७ फेब्रुवारी.

सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी दाखल केली. आज गुडगावच्या कोर्टात पहिली तारीख. समोर कंपनीकडून सलोनी नावाची वकील. आमच्याच लॉ फॅकल्टीची, दोन वर्षं ज्युनियर. फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावून आली होती. असल्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांना मी फार मानत नाही.

ठेकेदाराला नोटीस. पुढची तारीख पंचवीस मार्च. बाहेर आल्यावर दीपमालाने विचारलं, म्हणजे काय झालं? मी म्हटलं, सुरुवात उत्तम झाली. ती अर्धा पगार घालवून आलेल्या अर्जुनकडे बघून हसली. साधी माणसं. यांच्यासाठीच तर हे सगळं.

पाचला उठणे: सुरू झालेलं नाही. दाढी: येते आहे, पण एका बाजूने जास्त.

९ मार्च.

शॉर्टलिस्ट!!! दक्षिण आशियातून मोजके लोक, त्यात मी. सायबर कॅफेत ओरडलो. शेजारचा पोरगा गेम हरला म्हणून रागावला.

मुलाखत एप्रिलमध्ये, दिल्लीतच, एका मोठ्या हॉटेलात. ईमेलमध्ये लिहिलंय की उमेदवाराच्या 'चालू केसच्या लाइव्ह स्ट्रॅटेजीवर' चर्चा होईल. म्हणजे केस चालू हवी.

आईला सांगितलं. म्हणाली, छान. दीपमालाचं काय झालं? मी म्हटलं, तिच्याचमुळे तर झालं. म्हणाली, ते तुझं. तिचं काय झालं? आईला मोठं चित्र दिसत नाही. शिक्षकांचा हा प्रॉब्लेम असतो, एकेका पोराकडे बघायची सवय.

जनपथवरून ओव्हरकोट घेतला. मोसम संपल्यामुळे स्वस्त. दिल्लीत मार्चमध्ये ओव्हरकोट घेणाऱ्याकडे लोक बघतात. बघू देत.

१५ मार्च.

संकट. सलोनीचा फोन. म्हणाली, देखो अंशुमन, कंपनीला झंझट नकोय. बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांचे लोक फॅक्टरी बघायला येणार आहेत, गरोदर बाईला काढल्याची केस नको आहे त्यांना. मिटवून टाकू, बिल्कुल क्लीन.

मिटवून टाकू! एप्रिलच्या मुलाखतीआधी! मग लाइव्ह स्ट्रॅटेजी कशावर सांगू, भाडेकरूवर?

मी म्हटलं, अशिलाशी बोलून कळवतो. आवाज गंभीर ठेवला. या लोकांना तत्त्व म्हणजे काय हे माहीतच नाही.

१६ मार्च.

दीपमालाशी फोनवर बोललो. मिटवण्याचं थेट सांगितलं नाही, गोंधळ झाला असता. तात्त्विक मांडणी केली. म्हटलं, हा फक्त तुझा प्रश्न नाही, देशातल्या लाखो कामगार स्त्रियांचा आहे. आपल्याला ऐतिहासिक निकाल हवा, त्याला थोडा वेळ लागेल.

ती म्हणाली, दादा, मला सातवा लागलाय.

मी म्हटलं, इतिहास घाई करत नाही.

हे वाक्य मुलाखतीत वापरायचं. (लिहून ठेवलं.)

२५ मार्च.

तारीख मागितली. कारण: प्रकरणाची गुंतागुंत. सलोनी उभी राहून काहीतरी सांगायला लागली होती, पण मी वाक्याच्या मध्ये श्वास घेत नाही. ही कला आहे. तिला शिरायला फट मिळाली नाही.

जजसाहेबांना मात्र राग आला. म्हणाले, वकीलसाब, ये बेचारी इस हालत में खड़ी है और आप तारीख ले रहे हैं? दीपमालाला खुर्ची द्यायला लावली. म्हणाले, एकच तारीख देतो, जवळची, बावीस एप्रिल, त्या दिवशी दोन्ही बाजू तयार असा. गुडगावच्या जजांना दिल्लीची रीत माहीत नाही. दिल्लीत वकिलाला असं कुणी बोलत नाही. निदान अशिलासमोर नाही.

दीपमालाचे पाय सुजले होते. मी तिला म्हटलं, जजसाहेब आपल्या बाजूचे आहेत. ती म्हणाली, हो ना दादा, तुम्ही काहीच न मागता त्यांनी खुर्ची दिली.

२ एप्रिल.

मुलाखतीची तारीख आली. बावीस एप्रिल.

जगात एवढे दिवस आहेत!

मुलाखत बदलून मिळेल का, असं ईमेल लिहायला घेतलं. मग पुसलं. पहिल्याच पत्रात तारीख मागितली तर वाईट दिसतं. ही समज अनुभवातून येते.

५ एप्रिल.

प्लॅन तयार. इतका सुंदर आहे की स्वतःवरच खूश झालो.

गुडगावला मानस जाईल. तारीख मागेल. एक तारीख मिळवणं मानसलाही जमेल. मी हॉटेलात जाईन. आणि (ही खरी कमाल) दीपमालाला बरोबर नेईन. कोर्टात तिचं तसंही काय काम? तारीखच तर घ्यायची आहे. हॉटेलात ती लॉबीत बसेल. पॅनेलने विचारलं की तुमचं काम जमिनीशी किती जोडलेलं आहे, तर मी म्हणेन, या, दाखवतो. आठव्या महिन्यातली अन्यायग्रस्त कामगार स्त्री. बांगलादेशच्या उमेदवाराकडे असं काही नसणार.

दीपमालाला फोन केला. म्हणाली, त्या दिवशी तर कोर्ट आहे ना? मी म्हटलं, कोर्टात मानस आहे, तू माझ्याबरोबर. मोठ्या लोकांना तुझी केस सांगायची आहे. तिने विचारलं, ते लोक मला कामावर घ्यायला लावतील का? मी म्हटलं, त्यांच्या हातात खूप काही असतं.

हे खोटं नाही. त्यांच्या हातात माझी फेलोशिप आहे.

२१ एप्रिल. संध्याकाळ.

सूट इस्त्री. दाढी काढली (नाइलाज, एका बाजूने विचारवंत आणि दुसऱ्या बाजूने कॉलेजकुमार दिसत होतो). फ्रेंच: 'बाँजूर' पक्कं.

मानसला चहा पाजून नीट समजावलं. काहीही झालं तरी तारीख. जज काहीही म्हणोत, समोरची काहीही म्हणो, तारीख. काहीही म्हणजे काहीही. तो म्हणाला, टेन्शन मत ले यार, समजलं. मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आईला सांगितलेलं नाही की दीपमाला माझ्याबरोबर येणार आहे. तिला वाटतं ती कोर्टात असेल. उगीच तपशिलात कशाला शिरायचं?

२२ एप्रिल. संध्याकाळी सहा.

मुलाखत झाली. एकंदरीत उत्तम. शेवटची पंधरा मिनिटं जरा वेगळ्या दिशेने गेली.

क्रमाने लिहितो. पॅनेलमध्ये तिघे: एक उंच गोऱ्या बाई, एक टक्कल असलेले गृहस्थ आणि एक आपल्याकडचे प्रोफेसर. पहिला अर्धा तास मी भारावून टाकलं. सहा करारांचा उल्लेख केला, त्यातले दोन बरोबर निघाले. 'इतिहास घाई करत नाही' यावर गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. मग चहाची सुट्टी. मी खुर्चीतच बसून राहिलो, निश्चयी दिसावं म्हणून.

बाई आणि प्रोफेसर लॉबीत गेले आणि तिथे दीपमाला दिसली. मी दाखवण्याआधीच! सगळी योजना फिसकटली. मला वाटलं होतं, मी दार उघडीन, हात पुढे करीन. प्रोफेसर तिच्याशी हिंदीत बोलले म्हणे. काय बोलली ते मला नंतर तिनेच सांगितलं. ती म्हणाली की दादांची परीक्षा आहे म्हणून मी आलेय, माझी कोर्टात आज तारीख होती, पण दादा म्हणाले तिथे माझं काही काम नाही.

एवढं प्रामाणिक असायची काय गरज होती? पाणी हवं का विचारलं तर पाणी प्यावं.

आत आल्यावर बाईंनी विचारलं, तुमच्या अशिलाची आज सुनावणी आहे का? मी म्हटलं, आहे. तिथे कोण उभं आहे? मी म्हटलं, एक समर्थ सहकारी. तो काय मागणार आहे? मी म्हटलं, तारीख. त्यांनी विचारलं, तिला तारीख हवी आहे का?

हा प्रश्न मला नीट कळला नाही. एवढ्या वर्षांत कोर्टात असं कुणी विचारलेलं नाही.

मग म्हणाल्या, तारीख कोणत्या कारणाने? तोंडातून सवयीने गेलं की वकील दुसऱ्या ठिकाणी अडकले आहेत. त्या म्हणाल्या, पण वकील तर तुम्ही आहात. मी म्हटलं, हो, म्हणूनच.

मी उठून उभा राहिलो, मान जराशी झुकवली आणि म्हटलं, या मुद्द्यावर उत्तर देण्यासाठी एक छोटी तारीख मिळावी.

प्रोफेसर हसले. हसणं चांगलं लक्षण. बाई हसल्या नाहीत, पण परदेशी लोक मोकळेपणाने हसत नाहीत.

त्याच दिवशी, रात्री जेवणानंतर.

मानसचा फोन. आवाजात इतका आनंद की मला आधी वाटलं त्याचं लग्न ठरलं. म्हणाला, मोठी तारीख आणली, आठ जुलै! मध्ये समर व्हेकेशन, टेन्शनच नाही.

मग म्हणाला, वैसे, कोर्टात गंमत झाली. कंपनीचा माणूस आणि ठेकेदार दोघेही हजर होते. सलोनी उभी राहिली आणि म्हणाली, आम्ही बाईला आजपासून हजेरीवर घेतो, पूर्ण पगारी रजा देतो, फक्त तिचं स्टेटमेंट आणि सही हवी. जजसाहेब खूश. विचारलं, बाई कुठे आहे? मानसला माहीत नव्हतं. जजसाहेबांनी विचारलं, मग तुम्हाला काय म्हणायचंय? मानस म्हणाला, तारीख. जज म्हणाले, अहो, सगळं मिळतंय! मानस म्हणाला, तारीख. जजांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि याने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. मग ते म्हणाले, घ्या, सुट्टीनंतरची घ्या.

मी ओरडलो, फोन का नाही केलास? म्हणाला, तुझा बंद होता. आणि तूच म्हणालास, काहीही म्हणजे काहीही.

म्हणजे ते सही मागत होते तेव्हा दीपमाला हॉटेलच्या सोफ्यावर होती. माझ्यापासून एका भिंतीपलीकडे.

घाबरायचं कारण नाही. कायद्याच्या दृष्टीने काहीही गमावलेलं नाही. जे आज देत होते ते आठ जुलैला देतील.

२३ एप्रिल.

नाही देणार म्हणे. सलोनीला फोन केला. ठेकेदाराचं कंत्राट तीस एप्रिलला संपतंय. त्याआधी मिटवायचं म्हणून कंपनीने त्याला धरून आणलं होतं. तीसपर्यंत दीपमालाला घेऊन मानेसरला ये, म्हणाली, ठेकेदाराला मी थांबवून धरते, तिथेच लिहून घेऊ. जल्दी कर, यार.

मुलगी वाईट नाही. सोमवारी जातो.

आईला दीपमालाने फोनवर सगळं सांगितलं आहे. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, तिची सही कोर्टात हवी होती आणि तू तिला हॉटेलात बसवलंस. बस, एवढंच. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. मला वाटलं होतं मुलाखत कशी झाली ते विचारेल.

२८ एप्रिल.

सोमवारी पॅनेलला आभाराची पत्रं लिहिली. तिघांना तीन वेगवेगळी, त्याला वेळ लागतो. मंगळवारी भसीन सरांनी साकेतच्या भाडेकरूच्या केसमध्ये तारीख घ्यायला पाठवलं. आज प्रोफेसरांना आणखी एक पत्र, पहिल्यात स्पेलिंग चुकलं होतं.

उद्या नक्की.

३० एप्रिल.

उद्याचं आज झालं. सकाळी निघालो, मानेसरला दुपारी पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा. दीपमाला बसस्टॉपवर उभी होती, सोबत नवरा, आजही अर्धा पगार. शेअर ऑटोतून फॅक्टरीच्या गेटपर्यंत गेलो. ठेकेदाराच्या खोलीला कुलूप. गेटवरचा गार्ड म्हणाला, वो तो सुबह सामान ले गया साहब. कहाँ, पता नहीं।

कंपनी म्हणते, ही बाई आमच्या कागदावर कधीच नव्हती.

परतीच्या प्रवासात मी स्वतःला म्हटलं की दोष व्यवस्थेचा आहे. बराच वेळ म्हणत होतो. धौला कुआँपर्यंत, म्हणजे दिल्ली लागेपर्यंत.

१४ मे.

ईमेल आलं. यंदा अर्ज फार दर्जेदार होते, असं सुरुवातीलाच लिहिलं आहे. म्हणजे त्यात माझाही आला. खाली 'दुर्दैवाने' वगैरे. त्याखाली बाईंनी स्वतः एक ओळ लिहिली आहे: तुमच्या अशिलाची तब्येत कशी आहे? तिची केस कुठवर आली?

उत्तर लिहायला घेतलं. तीनदा. मग लाइट गेली. या वेळी बरं वाटलं.

३१ मे.

दीपमालाला काल मुलगी झाली. कार्ड नसल्यामुळे मानेसरच्या खासगी नर्सिंग होममध्ये. आई शनिवारीच तिकडे गेली होती आणि आज सगळ्यांना घेऊन आली. म्हणजे दीपमाला, मुलगी, पाळणा, डिंकाचा डबा. अर्जुनची शिफ्ट आहे, तिची आई वर्ध्याला आजारी, तर बाळंतीण कुठे जाणार? आईने विचारलं नाही, सांगितलं. तेही बाबांना. मला फक्त ऐकू आलं.

माझी खोली दिली आहे. मी हॉलमध्ये. करार, कॅसेट आणि ओव्हरकोट पलंगाखाली.

२० जून, रविवार.

मुलगी रडते. खाजगीपणाचा हक्क कोणत्या कलमात आहे ते मला माहीत आहे, पण तिला नाही.

घरभर शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू. मी एक लाडू घेतला तर आईने डबा दुसरीकडे ठेवला. अजून बोलत नाही. दीपमाला मात्र बोलते. दादा, चहा घेणार का? दादा, आवाज होतोय का? एकदा म्हणाली, दादा, तिला जरा धरता का? मी धरलं. तिचं वजन काहीच नाही. मी पाच मिनिटं तसाच उभा राहिलो, कुठे ठेवावं कळेना.

निश्चय: आठ जुलैला मी स्वतः बोलणार. तारीख नाही. लढणार. कंपनीही मालकच आहे, असे दोन निकाल सापडले आहेत. खरंच सापडले. पहाटे पाचला उठून शोधले. मुलगी पाचला उठते.

८ जुलै.

गेलो. फाइलला चिठ्ठ्या लावल्या होत्या, पिवळ्या आणि हिरव्या. दीपमाला बाळाला घेऊन शेवटच्या बाकावर. मी बोललो. चांगलं बोललो, अर्ध्यावर सलोनीनेही मान डोलावली. जजसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, वकीलसाब, हे सगळं बावीस एप्रिलला बोलायचं होतं. तेव्हा कंपनी आणि ठेकेदार दोघेही इथे उभे होते. आता आधी ठेकेदाराला शोधा, त्याच्यावर नोटीस बजवा, मग कंपनीचं बघू. पुढची तारीख नोव्हेंबर.

मी म्हटलं, साहेब, जरा जवळची द्या. ते म्हणाले, एप्रिलमध्ये दिली होती ना.

परत येताना गुडगावहून बस मिळायला वेळ लागला. उन्हात उभे होतो. बाळ झोपलं होतं. मी तिला सांगायला लागलो की नोव्हेंबरला आपण काय करू, ठेकेदार कसा सापडेल, पगार मागच्या तारखेपासून कसा मिळतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, दादा, माझं राहू द्या. तुमचं काम झालं का? त्या हॉटेलातलं?

मी म्हटलं, नाही झालं.

ती म्हणाली, अरेरे. एवढं धावलात तुम्ही. मी त्या मॅडमना चांगलंच सांगितलं होतं हो तुमच्याबद्दल. माझ्यामुळे तर नाही ना गेलं?

तिला खरंच वाईट वाटत होतं. माझ्यासाठी. मी नाही म्हटलं, तर तिला पटेना. बस येईपर्यंत ती माझी समजूत घालत होती.